दोन करवंट्या

माझा उजवा हात कोपरात पुरता सरळ होत नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो तरी मनगट भिंतीपासून चार बोटं दूरच राहतं. हाडं बसवणाऱ्या माणसाचाच हात वाकडा म्हटल्यावर लोकांची काय तऱ्हा होते ती बघण्यासारखी असते. माणूस लंगडत माझ्या पडवीत येतो, बसतो, पाय पुढे करतो आणि नजर ठेवतो माझ्या कोपरावर. बायको सोबत असली तर तिच्या कानात पुटपुटतो. म्हातारी माणसं तेवढीही भीड ठेवत नाहीत. "वैद्य, तुमचं हे कुनी बसवलं वो?" असं सरळ विचारतात, आणि त्यांच्या आवाजात इतकी काळजी असते की क्षणभर मलाच वाटतं, उठावं आणि चांगल्या कुणाकडे तरी जाऊन दाखवावं.

पण दुसऱ्या कुणाकडे मला जाता येत नाही. का, ते सांगतो.

मी एकवीस वर्षांचा होतो आणि मॅट्रिकला दोनदा आपटलो होतो. वडील नव्हते. दादा लोणावळ्याच्या मालधक्क्यावर कारकून होता आणि माझ्यापुढे दोन रस्ते आहेत असं त्याचं म्हणणं होतं. पहिला, त्याच्या साहेबाच्या पाया पडून मालधक्क्यावर चिकटायचं. दुसरा, साहेबाच्या पाया न पडता, नुसतं हात जोडून मालधक्क्यावर चिकटायचं. घाटात नुकती विजेची इंजिनं धावायला लागली होती आणि दादाला वाटे की आता जगात सगळं रुळांवरूनच जाणार. मला मात्र पोत्यांवर नंबर लिहीत आयुष्य काढायच्या कल्पनेनं घाम फुटायचा. मला माणसं हवी होती. त्यांचं विव्हळणं, त्यांच्या गप्पा, त्यांची फजिती, सगळं हवं होतं.

आणि त्याच वर्षी मी दोन माणसांचे हात पाहिले.

पहिले आबांचे. आबा औंढ्याचे, घरची भातशेती, आणि बापाकडून आलेली हाडवैद्यकी. वलवणला कुस्त्या चालल्या होत्या. एका पैलवानाचा खांदा निखळला, हात लोंबायला लागला आणि तो एवढा दांडगा गडी आईच्या नावानं ओरडायला लागला. गर्दीतून आबा आले. पागोटं काढून शेजारच्याच्या हातात दिलं, धोतर खोचलं, पैलवानाच्या बरगडीला पाय लावला आणि शांतपणे विचारलं, "लगीन झालंय का रं?"

"व्हय," पैलवान कण्हत म्हणाला.

"बायकू कुटली?"

"पवन..."

गाव पुरतं तोंडातून बाहेर पडायच्या आत कट्‌ असा आवाज झाला. खांदा बसला. पैलवान तोंड उघडं टाकून बसलेला, आणि आखाड्याभोवतीची माणसं टाळ्या पिटतायत. आबांनी पागोटं परत घेतलं आणि म्हणाले, "पवनाकाठची आसंल. तिकडच्या बायका गुनाच्या." मी बघतच राहिलो. हे वैद्यक असेल तर हे मला यायलाच हवं असं वाटलं.

दुसरे हात भाज्याच्या मावशींचे; सगळं गाव त्यांना मावशीच म्हणे. आमच्या आईचा घोटा दुखावला तेव्हा दादानं तिला गाडीनं मळवलीला उतरवलं आणि तिथून डोलीत भाज्याला नेलं. मावशी पडवीत बसलेल्या. कपाळावर मोठं कुंकू, तोंडात शब्द नाही. त्यांनी आईचा पाय मांडीवर घेतला आणि बोटं फिरवायला लागल्या. मी काहीतरी बोलायला गेलो तर वर न बघता म्हणाल्या, "बोलायचं न्हाई." दादा खोकला तर त्याला अंगणात धाडलं. घटका गेली, दीड घटका गेली. आई चक्क डुलक्या घ्यायला लागली. मग मावशी म्हणाल्या, "उठा बाई." आई उठली. कुठे ओढलं नाही, कुठे आवाज नाही. हाड कधी जाग्यावर गेलं ते आईलाही कळलं नाही.

आबा आणि मावशी सख्खे बहीणभाऊ. बापानं विद्या मुलाला शिकवली, मुलगी कोपऱ्यात बसून नुसती बघत होती. तिचं लग्न भाज्याला झालं आणि तिथे ती आपल्याच पद्धतीनं हात लावायला लागली. मरायच्या आधी बाप म्हणे म्हणाला, "पोरीचा हात हलका हाय." एवढंच. त्या चार शब्दांवरून दोघं वीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

या विद्येत शिरायची एक रीत होती. शिकणाऱ्यानं गुरूपुढे नारळ ठेवायचा. गुरूला नको असेल तर नारळ जसाच्या तसा परत. हवा असेल तर गुरू तो फोडतो, अर्धं खोबरं स्वतःच्या घरात वाटतो आणि अर्धं शिकणाऱ्यानं समोर बसून खायचं. खाल्लं की झालं, तो त्या घरचा. खोबरं काढलेली एक करवंटी घासूनपुसून तेलासाठी ठेवतात आणि ती त्या शिष्याची करवंटी. आबांच्या पडवीत वाशाला अशा तीन टांगलेल्या होत्या.

दुसरी एक रीत याहून कडक होती. एकानं ज्या हाडाला हात लावला त्याला दुसऱ्यानं लावायचा नाही. कधीच नाही.

मी आधी मावशींकडे गेलो. नारळ पुढे ठेवला. त्यांनी माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, अंगठे दाबले आणि म्हणाल्या, "बघू." मी उन्हातान्हात दोन तास बसलो. शेवटी म्हणाल्या, "घरी जा." नारळ परत दिला नाही, तो द्यायला विसरल्या असतील; हा नकारच, असं मी समजलो. माझ्या जिभेला कंटाळल्या असतील, कारण त्या दोन तासांत मी शेजारच्या म्हशीशीसुद्धा बोललो होतो.

चार दिवसांनी दुसरा नारळ घेऊन मी औंढ्याला गेलो. आबांनी माझ्या हातांकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "नकला येत्यात का?" मी दादाच्या साहेबाची नक्कल करून दाखवली. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी तिथल्या तिथे दगडावर नारळ फोडला आणि मी अर्धी वाटी खोबरं कडकडा खाल्लं.

त्याच आठवड्यात, दुपारी, भाजी विकणारी एक बाई आमच्या दारात आली. भाज्याची. पदराखालून तिनं अर्धं खोबरं काढलं.

"मावशीनं धाडलंय. माज्यासमोर खा म्हनल्यात."

आता इथे मला थांबवायला कुणी नव्हतं. आई मागे धुणं धूत होती. मी 'अहो, पण मी तर...' म्हणायला तोंड उघडलं आणि त्या बाईनं, तिला बाजार गाठायचा होता, खोबऱ्याचा तुकडा सरळ माझ्या तोंडात घातला. "चावा की! किती नखरं!"

चावलं. लपवत नाही, त्या वेळी मनातून गुदगुल्या झाल्या. आठ-दहा दिवसांपूर्वी मी कुणालाच नको होतो आणि आता मावळातले दोन सर्वांत मोठे हात मला आपला म्हणत होते. शेवटचा तुकडा गिळला तेव्हा कुठे ध्यानात आलं. मी दोन्ही घरचा झालो होतो.

खरं सांगायला काय हरकत होती, असं लोक विचारतात. कुणाला सांगायचं? आबांना सांगितलं तर ते म्हणणार, माझं खोबरं खाऊन बहिणीचं खाल्लंस? मावशींना सांगितलं तर त्या काहीच म्हणणार नाहीत, आणि ते जास्त वाईट. शिवाय सांगायचं म्हणजे आधी ठरवायला हवं की राहायचं कुणाकडे. तेच मला ठरवता येईना. औंढ्याला असलो की वाटे, हीच खरी विद्या, माणसाला हसवायचं आणि हसता हसता हाड बसवायचं. भाज्याला गेलो की मावशींच्या बोटांखाली हाड मांजरीसारखं सरकताना दिसे आणि वाटे, ते सगळं तमाशा, हे खरं. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. मी मधे अडकलो होतो आणि वर तोंड हसरं ठेवून हिंडत होतो.

वार वाटून घेतले. आबांचे बुधवार आणि शनिवार, मावशींचे सोमवार आणि गुरुवार. पण रविवारी दोघांकडेही गर्दी. मग मी एक मावशी जन्माला घातली. ही तळेगावला राहायची, तिला दमा होता, तिला मूलबाळ नव्हतं आणि दर रविवारी तिला माझ्यावाचून चैन पडत नसे. अर्धा रविवार औंढ्याला काढायचा आणि आबांना म्हणायचं, "तळेगावला जाऊन येतो." मग ओढ्याच्या बाजूनं, भाताच्या बांधाबांधानं भाज्याला. तिथे पोचल्यावर, "तळेगावहून आलो." दोघांनाही त्या बाईची दया आली. आबांनी तिच्यासाठी घरचे आंबेमोहर तांदूळ दिले. मावशींनी अडुळशाचा पाला वाळवून दिला. तांदूळ आम्ही खाल्ले. पाला मी ओढ्यात सोडायचो आणि त्या न जन्मलेल्या बाईची माफी मागायचो.

तेलाचा वास हा मोठा घोळ होता. आबांचं करंजाचं तेल, उग्र, अर्ध्या मैलावरून कळणारं. मावशींचं तिळाचं, लसूण घालून कढवलेलं. मी कोपरीच्या खिशात राखेची पुडी ठेवायचो आणि मधल्या ओढ्यावर बसून कातडं सोलेपर्यंत हात घासायचो. तो ओढा आणि त्याच्या पलीकडचा बांध, एवढीच काय ती माझी मोकळी जागा होती. तिथे मी कुणाचाच नव्हतो. समोर विसापूरचा डोंगर, मागे औंढ्याची झाडं, दोन्हीकडे भात. कधी कधी वाटायचं, इथेच बसून राहावं. कुठल्याच बाजूनं उठू नये.

एकदा मरता मरता वाचलो. भाज्याला मावशींपुढे कामशेतचा एक दूधवाला येऊन बसला. खांदा आखडलेला. मी तेलाची करवंटी घेऊन पुढे झालो आणि आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखलं. पंधरा दिवसांपूर्वी त्याचा हाच खांदा आबांनी औंढ्याला ओढला होता आणि त्याला मागून धरणारा मी होतो.

मावशींनी खांद्यावर तीन बोटं ठेवली. "कुनाचा हात लागलाय का ह्याला?"

"कुनाचा न्हाई मावशी," दूधवाला म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. मी आढ्याकडे बघितलं.

मावशींची बोटं थोडी पुढे सरकली, बगलेखाली गेली आणि थांबली. "वडलंय कुनीतरी. हितं बरगडीला डावा पाय लावलाय." त्यांनी हात काढून पदराला पुसला. "त्यो आमच्या घरातला पाय हाय. जा. त्याच्याकडंच जा."

"मावशी, लय दुखतंय वो."

"दुखू दे. माजा हात लागायचा न्हाई."

बाहेर अंगणात दूधवाल्यानं मला गाठलं. दात विचकून म्हणाला, "काय वो, तळेगावच्या मावशी बऱ्या हायत का?" हे त्याला कुणी सांगितलं होतं ते मी विचारलं नाही. पण त्याचा खांदा पुढे वर्षभर आखडलेलाच राहिला आणि मला कळलं की ही रीत नुसती बोलायची नाही.

भाद्रपद आला. भात कमरेएवढा झाला, बांध शेवाळले. आबांच्या पडवीत त्या रविवारी पेशंट जास्त होते आणि मी उशिरा निघालो. धावत होतो. ओढ्यावर हात घासले, राखेची पुडी खिशात कोंबली, बांधावर चढलो आणि धावता धावता पाय सटकला. पडताना उजवा हात मागे टेकला. माझ्याच कोपरातून तो आवाज मी ऐकला. चार महिने दुसऱ्यांच्या अंगातून ऐकत होतो, त्यामुळे काय झालं ते बघायची गरज नव्हती. तरी बघितलं. कोपराचं टोक मागे आलं होतं आणि खालचा हात कुणा परक्याचा असल्यासारखा लोंबत होता.

शेजारच्या खाचरात एक शेतकरी बेणणी करत होता. तो आणि त्याची बायको धावत आली.

"निखाळलं वाटतं," तो म्हणाला. "चला पाव्हणं, काळजी करू नका. औंढ्याला आबा हायत, भाज्याला मावशी हाय. दोनी सारक्याच लांब. कुटं नेऊ?"

मी चिखलात पडल्या पडल्या त्याच्याकडे बघितलं. चार महिने जो प्रश्न मी टाळत होतो तोच हा भला माणूस हातात खुरपं घेऊन विचारत होता.

"लोणावळ्याला न्या," मी म्हणालो.

"लोणावळ्याला? आवो, तितं कोन हाय?"

"माझी आई आहे."

तो बायकोकडे वळला. "दोनीकडं वैद्य, आन ह्यो आईकडं चाललाय. ह्याच्या डोस्क्याला पन लागलंय गं." पण त्यानं गाडी जुंपली. त्याच्या बायकोनं आपल्या पदराची पट्टी फाडून हात गळ्यात बांधला आणि प्रत्येक खड्ड्याला मी देवाचं नाव घेत लोणावळ्याला आलो.

आईनं मला खाटेवर निजवलं. दादा दवाखान्याकडे धावला. डॉक्टर पुण्याला गेलेले, कंपाउंडरनं आयोडीनची बाटली दिली. कोपर फुगत चाललं होतं. असा सांधा बसवायचा तर सूज चढायच्या आत, हे मला त्या घरात सर्वांहून जास्त माहीत होतं. आईला वाटत होतं मी नुसता औंढ्याला शिकतो. तिनं शेजाऱ्याला सायकलवर औंढ्याला पिटाळलं. आणि खाचरातल्या त्या बाईनं, बिचारीनं भल्याच्या भावनेनं, माझं नावगाव सांगून भाज्याला निरोप पोचवला होता.

आबा आधी आले. दारातच ओरडले, "कुटं हाय माजा गडी?" त्यांनी धोतर खोचलं, पागोटं आईच्या हातात दिलं आणि पिशवीतून माझी करवंटी काढून खाटेच्या उजवीकडे ठेवली. शिष्याला त्याच्याच करवंटीतलं तेल लावायचं, अशी रीत. आई हात जोडून उभी. आबा हात धुवायला वाकले, आणि दारात सावली पडली.

मावशी आल्या होत्या. मळवलीहून गाडी धरून, तोंडावर घाम. त्या कुणाशी बोलल्या नाहीत. त्यांनी पदराखालून दुसरी करवंटी काढली आणि खाटेच्या डावीकडे ठेवली. करंजाचा आणि लसणाचा वास त्या खोलीत एकमेकांत मिसळला.

आईनं एका करवंटीकडे पाहिलं. मग दुसरीकडे.

"हे काय रे? दोन कशा?"

मी डोळे मिटले. नाटकात असं केलं की पडदा पडतो. इथे पडला नाही.

"तू नारळ किती ठेवलेस?" आई म्हणाली. "मेल्या, डोळे उघड! दोघांकडचं खोबरं खाल्लंस?"

"मला ठावं हाय ते," आबा म्हणाले, आणि मी डोळे उघडले. आबा हात पुसत होते. "हिच्या तेलाचा वास राखंनं जातोय व्हय? आमच्या घरचंच तेल हाय ते. आमची आय लावायची."

मावशी माझ्या आईला म्हणाल्या, "त्यानला सांगा, मला बी ठावं हाय. पैल्या रविवारपास्नं."

मग तुम्ही बोलला का नाहीत, असं मला ओरडावंसं वाटलं. पण दोघांची तोंडं पाहिली आणि समजलं. ती दोघं वाट बघत होती. पोरगा कुणाकडे टिकतो ते बघत होती. बाप मरताना जे बोलला त्याचा निकाल माझ्यावर लागायचा होता. मला वाटत होतं मी दोघांना फसवतोय, आणि मी तर त्यांच्या ओढाओढीतला दोर होतो.

आबा उजवीकडे बसले. मावशी डावीकडे. मधे मी, आणि माझं फुगत चाललेलं कोपर. दोघांचेही हात आपापल्या मांडीवर.

"तिला म्हनावं, तिला लावायचा आसंल तर लावू दे," आबा आईला म्हणाले.

"त्यानला म्हनावं, पोरगं सांगंल त्यो लावंल," मावशी म्हणाल्या.

"अहो, कुणीतरी लावा!" आई रडकुंडीला आली. "पोराचा हात जाईल!"

"तुझ्या तोंडानं सांग," आबा मला म्हणाले. "माजा लागला की तिचा न्हाई. तिचा लागला की माजा न्हाई. जल्मात न्हाई. बोल."

आबांचं नाव ओठांवर होतं. त्यांनीच मला हसून घेतलं होतं, ते माझ्यासारखेच होते, आणि एका झटक्यात सगळं संपवणार होते. मी मान उजवीकडे वळवली. आबांना ते कळलं. ते पुढे झुकले, डोळ्यांत तीच वलवणची चमक आली, आणि हात न लावता, नुसता पुढे आणत त्यांनी विचारलं:

"तळेगावच्या मावशीचा दमा काय म्हंतोय?"

आणि माझा सगळा हात खांद्यापासून लाकडासारखा आवळला गेला.

कारण मला माहीत होतं. प्रश्न कशासाठी असतो ते माहीत होतं, उत्तराच्या कितव्या शब्दावर आबा ओढतात ते माहीत होतं, डावा पाय कधी उचलतात तेही माहीत होतं. चार महिने मी मागे उभा राहून हेच शिकलो होतो. आबांचा हात बेसावध माणसावरच चालतो. मी आता त्यांच्यापुढे कधीच बेसावध होऊ शकत नव्हतो.

आबांनी आवळलेला दंड पाहिला. हात जिथे होता तिथेच थांबला. मी किती प्रयत्न केला, सैल सोड, सैल सोड, म्हणून स्वतःला सांगितलं. दंड सुटेना. आबांच्या डोळ्यांतली चमक गेली.

मी डाव्या हातानं माझा उजवा हात उचलला, केवढा जड झाला होता तो, आणि अंगावरून ओढत मावशींच्या बाजूला नेऊन ठेवला.

आबा उठले. आईच्या हातातून पागोटं घेतलं. माझी करवंटी उचलली, तेल अंगणात ओतलं आणि ती आमच्या उंबऱ्यावर उपडी ठेवून निघून गेले. आई मागे धावली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चा नको बाई. लांब जायचंय."

"बोलायचं न्हाई," मावशी मला म्हणाल्या.

मी बोललो नाही. त्यांनी तासभर घेतला. सूज आधीच चढलेली, हाड कुठे आहे ते शोधायलाच वेळ गेला. मग कधीतरी ते आत गेलं, मला नक्की कळलंही नाही. मावशींनी कळकाच्या काड्या बांधल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "वाईच उशीर झाला. थोडं राहील."

ते थोडं म्हणजे चार बोटं.

पुढची नऊ वर्षं मी भाज्याच्या त्या पडवीत काढली, जिथे बोलायचं नसतं. माझ्यासारख्या माणसानं! पेशंट आपल्या घरची एकेक भानगड सांगत असायचा आणि मी ओठ दाबून तेल कढवत असायचो. पहिल्या वर्षी वाटायचं, छाती फुटेल. अंगणातली म्हैस माझ्याकडे दयेनं बघायची. दुसऱ्या वर्षी बोटांना काहीतरी कळायला लागलं. हाड गोंगाटात कळत नाही, हे खरं आहे; पण ते कळेपर्यंत मी किती वेळा औंढ्याच्या दिशेनं बघितलं ते मलाच माहीत. औंढ्यात मला परत पाऊल टाकता आलं नाही. रविवारी वारा तिकडून असला तर लोकांचं हसणं ऐकू येतं असं वाटायचं. येत नसणार, एवढ्या लांबून.

आज मावशी नाहीत. लोणावळ्यात माझी स्वतःची पडवी आहे आणि मी पाहिजे तेवढं बोलतो. आधी बोलतो, नंतर बोलतो. हात ठेवला की मात्र आपोआप गप्प होतो. ते आता माझ्या हातात राहिलेलं नाही.

हात निखळल्यावर सहा-सात वर्षांनी आबा मला एकदाच भेटले. लोणावळ्याच्या बाजारात, तांदळाच्या पोत्यांपाशी. पुष्कळ वाकले होते. मी पाया पडायला वाकलो तेव्हा त्यांची नजर माझ्या कोपरावर गेली. हाडवैद्याची नजर जाणारच. ते बघत राहिले. त्यांच्या उजव्या हाताची बोटं हलली, अगदी जिथे धरायचं तिथे धरल्यासारखी, अंगठा आत, चार बोटं बाहेर. मला वाटलं, आता विचारतील काहीतरी. बायकू कुटली, पोरं किती. आणि या वेळी माझा हात आवळला नाही. अगदी सैल, लोंबता राहिला. मी तो हळूच थोडा पुढे केला.

आबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"आमच्या घरातलाच हात लागलाय," ते म्हणाले. "चांगला बसलाय."

मग ते तांदळाचा भाव विचारायला वळले, आणि मी माझं कोपर घेऊन घरी आलो.